सात बाटल्या, आठ माणसं आणि आईच्या पिशव्या : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. नाशिक, गंगापूर रोड

वादाचं मूळ गेल्या दिवाळीतलं. डॉक्टर म्हणाले, डोळे बांधून वाइन दिली तरी मी तिचं द्राक्ष ओळखीन. मास्तर म्हणाले, आधी लाल की पांढरी एवढं ओळखून दाखवा. तेव्हा हसण्यावारी गेलं, पण काल पुन्हा विषय निघाला आणि मी फशी पडलो. जेवण आमच्याकडे, बाटल्या झाकून, प्रत्येक वाइनसोबत एक पदार्थ.

माणसं आठ: आम्ही दोघं, डॉक्टर आणि त्यांच्या बाईसाहेब, मास्तर, बँकवाली, वसईकर, सिन्नरकर वहिनी. मास्तर आणि वहिनी शाकाहारी. माणशी १,५०० रुपये वर्गणी.

तारखेवरच अर्धा तास गेला. १ फेब्रुवारीला गणेश जयंती, ८ ला एकादशी. पिणाऱ्यांना चाललं असतं, पण मटण ज्या चुलीवर शिजणार तिचं कॅलेंडर आईकडे असतं. १५ फेब्रुवारी, शनिवार ठरली.

मी अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. वही घालायची सवय तिथली. पहिल्याच पानावर अडचण लिहून ठेवतो: पदार्थाला शोभेल अशी वाइन निवडायची तर ती कोणती हे निवडणाऱ्याला माहीत हवं. झाकून द्यायची तर कोणालाच माहीत नको. जोडी जुळवणं आणि झाकणं, दोन्ही एका ताटात बसत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आईला तिळगूळ देतानाच विचारलं, बाटल्या गुंडाळून नंबर घालायचं काम करशील का?

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तू."

ती थेंबाला शिवत नाही, कोणाची बाजू घेत नाही, आणि गुपित पाळण्यात तिचा हात धरणारा आमच्या घराण्यात दुसरा कोणी नाही. हो म्हणाली. वर म्हणाली, "द्राक्षांचीच ना रे? मग एवढं लपवायचं काय त्यात?"

१९ जानेवारी

निफाडला मामांकडे. त्यांची थॉमसन सीडलेस काढणीला आली आहे. बांधापलीकडच्या शेतकऱ्याकडे वाइनचे वेल आहेत, त्याने दोन घड दिले. मणी वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बी. खाल्ल्यावर आधी भरपूर गोड आणि मग जिभेला साल चिकटते. मामांनी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या दुर्बिणीवर, थेंब टाकला, २२ ब्रिक्स, शंभरात साधारण बावीस भाग साखर.

"खायच्या द्राक्षाला आपण येवढं गोड होऊच देत नाही भाच्या. आधीच तोडतो."

मामांचीही दीड एकर वाइनची बाग होती. २००१ चं सरकारी धोरण आलं, करमाफी मिळाली, जिकडेतिकडे वायनरी उभ्या राहिल्या, करार झाले. दहा वर्षांच्या आत करार करणाऱ्याने माल उचलणं थांबवलं आणि मामांनी वेल उपटले. कोणाकडून पैसे यायचे राहिले ते नाव त्यांनी घेतलं, मी लिहीत नाही. आता वाइनचा विषय निघाला की ते छाटणीबद्दल बोलतात, पैशाबद्दल नाही.

छाटणीचं मात्र ऐकण्यासारखं असतं. युरोपातला वेल थंडीत झोपतो, आपला झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी तयार करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून तिच्यावर फळ घ्यायचं. वर्षात दोनदा कात्री, पीक एकदाच. तिकडे तोड सप्टेंबरात, आपली जानेवारी ते मार्च. म्हणजे आमच्या जेवणाच्या दिवशी आजूबाजूला तोड चालू असेल.

२६ जानेवारी

रंगीत तालीम. आज ड्राय डे, त्यामुळे सामान शुक्रवारीच आणून ठेवलेलं. आलो चौघंच: आम्ही दोघं, मास्तर, बँकवाली.

चाचणी एक. तीन ग्लास, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येतंच. चौघांच्या मिळून १२ फेऱ्या झाल्या, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी ४ बरोबर आल्या असत्या. आमच्या आल्या ५. मास्तरांनी आनंदाने टाळी वाजवली, जणू डॉक्टर समोरच बसलेत.

चाचणी दोन. रंग दिसू नये म्हणून तज्ज्ञ काळे ग्लास वापरतात. आमच्याकडे स्टीलची फुलपात्रं. लाल शिराझ आणि पांढरी व्हिओनिए दोन्ही १४ अंशांवर आणल्या, डोळे मिटून प्यायलो. बँकवालीने व्हिओनिएला लाल म्हटलं. तिला वाईट वाटलं तेव्हा मी बोर्डोची गोष्ट सांगितली: २००१ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बेचव लाल रंग घालून दिला, तर तिच्या वासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांची ही गत. "मग माझा पगार कोणी कापणार नाही," असं म्हणून तिने ग्लास पुढे केला.

चाचणी तीन ठरवून केली नव्हती. आईने बाटल्यांसाठी पिशव्या शिवल्या, त्या हळदीकुंकवाच्या ब्लाउजपिसांच्या. एक हिरवी, एक जांभळी, एक जरीच्या काठाची. बायकोने जरीवालीला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि शपथेवर सांगितलं की ही महागडी आहे. आत सर्वांत स्वस्त होती. पिशव्या रद्द. आई आता जुन्या पांढऱ्या अभ्र्यांच्या सारख्या पिशव्या शिवणार आहे. ब्लाउजपिसं वाया गेली म्हणून दिवसभर फुरंगटून आहे.

बाटलीचा आकारही चुगली करतो. उंच खांद्यांची बोर्डो घडण आणि उतरत्या खांद्यांची बर्गंडी घडण कापडातूनही हाताला कळतात. म्हणून ओतणार बायको, ग्लास मात्र स्वयंपाकघरातून भरूनच बाहेर येतील.

२ फेब्रुवारी

गोडाची चाचणी. शेवटी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ द्यायची ठरली आहे, वेलावर जास्त दिवस राहिलेल्या द्राक्षांची गोड वाइन. मी हट्टाने पुरणपोळी करायला लावली. एक घास पोळी, एक घोट वाइन, आणि वाइन लिंबूपाणी झाली. पुरण तिच्यापेक्षा गोड. नियम साधा आहे, गोड पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, पण जिभेला कळेपर्यंत पटत नाही. श्रीखंडाचंही तेच झालं. बायको म्हणाली, खरवस करू, गूळ आपल्या हातात आहे. चीक मिळाला तर.

एकूण क्रम असा ठरला:

१. कोथिंबीर वडी, फसफसणारी ब्रूट (म्हणजे गोड नसलेली)
२. अळूवडी
३. पांढरा रस्सा (शाकाहाऱ्यांना त्याच वाटणात काजू-बटाटा)
४. सुरमईचे तुकडे तव्यावर, लाल तिखट आणि आगळ लावून (शाकाहाऱ्यांना सुरणाचे काप)
५. काळं मटण आणि भरली वांगी, दोन लाल वाइन शेजारी शेजारी
६. खरवस, लेट हार्वेस्ट

बुडबुडे आणि गोडी लपत नाही, तेव्हा पहिली आणि शेवटची उघडच आहेत. लाल कोणत्या ते ठाऊक, डावी-उजवी आई ठरवेल. खरं झाकलेलं काय ते दोन, तीन आणि चार: शेनिन ब्लाँ, व्हिओनिए, सोव्हिन्यॉन ब्लाँ, तिन्ही पांढऱ्या. आई चिठ्ठ्या टाकेल. सुरमईसमोर काय येईल ते चिठ्ठीच्या नशिबी. जोडीचा आग्रह तेवढ्यापुरता सोडला.

७ फेब्रुवारी

खरेदी. ब्रूट दिंडोरीची. शेनिन, सोव्हिन्यॉन, व्हिओनिए, शिराझ आणि लेट हार्वेस्ट नाशिक जिल्ह्यातल्याच. एक लाल अकलूजची सांजोव्हेझे, सोलापूरच्या उन्हात पिकलेलं इटालियन द्राक्ष. एक जास्तीची शेनिन राखीव, बाटली खराब निघाली तर असू द्यावी म्हणून. एकूण आठ, ८,०४० रुपये. लेट हार्वेस्ट अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिली, माणशी ४० मिली पुरते. बाकीच्यांतून माणशी ५० मिली, आठांचे ४००, उरलेली बाटली जेवणानंतरच्या भांडणासाठी.

वसईकरांचा फोन: "थुंकायला काही ठेवणार का? तज्ज्ञ थुंकतात." आजोबांची पितळी पिकदाणी माळ्यावर आहे. आईने नुसतं पाहिलं माझ्याकडे. स्टीलचे पेले ठेवू.

१३ फेब्रुवारी

भाड्याने आणलेल्या २४ ग्लासांना फिनाइलचा वास. नाक घातलं की दवाखाना. साबण न लावता दोनदा उकळत्या पाण्यातून काढले, पंचाने पुसले, पालथे न घालता उभे ठेवले. पालथा ग्लास खालच्या फडताळाचा वास धरून ठेवतो हे आज शिकलो.

संध्याकाळच्या धुपाचा प्रश्न होता. आई दिवेलागणीला धूप लावणार म्हणजे लावणार. तोडगा: ती साडेसहाला लावेल, साताला सगळ्या खिडक्या उघडायच्या, पहिला ग्लास सव्वाआठला. पाहुण्यांना अत्तर लावू नका असा निरोप दिला. डॉक्टरांच्या बाईसाहेबांना तो लागला.

१४ फेब्रुवारी

चीक मिळाला! पहिल्या दिवसाचा, मखमलाबादच्या गवळ्याकडून. घट्ट आहे, दूध घालावं लागेल.

रात्री दहाला आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून कागदाचा आवाज. नंबर आणि नावं तिच्या भिशीच्या वहीत, वही देवघरात.

१५ फेब्रुवारी, दुपार

घरात २९ अंश. लाल वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी असं म्हणतात ती खोली नाशिकची नव्हे, १६ ते १८ अंशांची. दोन्ही लाल पाऊण तास फ्रिजमध्ये. पांढऱ्यांसाठी घमेल्यात बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ. साधारण वीस मिनिटांत १० अंश. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर काम करतं, कारण बाटलीला चहूबाजूंनी चिकटतं.

नियम भिंतीवर लावला: प्रत्येक वाइन आधी नुसती दोन मिनिटं, गुण लिहा. मग पदार्थाबरोबर, पुन्हा गुण लिहा. २० पैकी. द्राक्ष कोणतं याचा अंदाज. लिहून होईपर्यंत तोंड बंद.

१६ फेब्रुवारी, सकाळ

कालचं आत्ता लिहितो, रात्री हात चालत नव्हता.

एक नंबरवर सगळे खूश. कोथिंबीर वडीचं तेल बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात, पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. डॉक्टरांनी नारायणगावची आठवण काढली, तिथे १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाइन बनायला लागली होती आणि परदेशी जात होती.

दोन नंबर. नुसती बरी, पेरूचा वास, किंचित गोडसर. अळूवडी खाल्ली आणि ती पातळ, आंबट झाली. चिंच-गुळापुढे तिचं काही चालेना. वहिनींनी लिहिलं, "सरबतात पाणी जास्त." मी लिहिलं, शेनिन.

तीन नंबरला टेबल गप्प झालं. पांढऱ्या रश्श्यातली खसखस, नारळाचं दूध आणि समोर जर्दाळूच्या वासाची जाड अंगाची वाइन. चिठ्ठीने लावलेलं लग्न इतकं जुळावं! व्हिओनिए, यात शंकाच नव्हती, मीसुद्धा ओळखली.

चार नंबर. इथे नीट लिहायला हवं.

यादी माझी होती. शेनिन झाली, व्हिओनिए झाली, उरली सोव्हिन्यॉन. सोव्हिन्यॉनमध्ये ढोबळ्या मिरचीचा, ओल्या गवताचा वास हवा. नाक घातलं, मिरची नाही. पुन्हा घातलं. मग गवत आल्यासारखं वाटलं. कागदावर लिहिलं: "गवताचा हलका वास. मिरची दबलेली, तव्याच्या धुरामुळे असेल." सुरमईचा तुकडा तिखट लागला आणि वाइन उजळली. तिखटाने तिची गोडी गिळली, खाली फळ तेवढं राहिलं, आगळाचा आंबटपणा आणि तिचा आंबटपणा एका सुरात. डॉक्टरांनी १७ दिले आणि लिहिलं, "सोव्हिन्यॉन. बहुधा परदेशी."

लाल. डावीत मिऱ्याचा वास बायकोला सगळ्यांत आधी आला. मास्तर आणि वसईकर हुंगून दमले, त्यांना काहीच नाही. यात त्यांचा दोष नाही. शिराझमधला तो वास रोटंडोन नावाच्या रेणूचा, काळ्या मिऱ्यातही तोच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो उजेडात आणला, आणि साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही. मास्तर म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर मिरी फुकट घालतोय?" काळ्या मटणावर मात्र शिराझ कडवट झाली. तिखटावर टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, चोळल्यासारखं लागतं, घसा जळतो. भरल्या वांग्याबरोबर सांजोव्हेझे छान गेली, दाण्याच्या कुटाने तिची धार मोडली. मटणवाल्यांना शाकाहाऱ्यांचा हेवा वाटावा अशी वेळ आमच्या टेबलावर पहिल्यांदा आली.

खरवस, कमी गुळाचा, जायफळ घातलेला. संपला. यापेक्षा जास्त नोंद नाही.

सव्वाअकराला आई भिशीची वही घेऊन आली. खुर्चीवर बसली, चष्मा लावला, पिशव्यांच्या नाड्या एकेक सोडू लागली. दोन नंबर: शेनिन ब्लाँ. माझा कागद मी वर करून दाखवला. तीन: व्हिओनिए. टाळ्या. चार: पिशवीतून बाटली निघाली, शेनिन ब्लाँ.

कोणी बोलेना.

"अगं आई, ही तर दोन नंबरचीच."

"मग? वहीत सोव्हिन्यॉनच लिहिलंय मी. पोपटी झाकणाची घे म्हणालास, दोन्ही पोपटीच होत्या. चष्मा नव्हता रात्री."

राखीव बाटली. सोव्हिन्यॉन फ्रिजच्या खालच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीमागे तशीच होती. तिचंही झाकण पोपटी.

सिन्नरकर वहिनी हसून हसून आडव्या झाल्या. डॉक्टरांनी शांतपणे हात पुढे केला, "माझा कागद द्या जरा." १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाइनने झाकून ठेवलेल्या फ्रेंच वाइनना हरवलं, तेव्हा ओडेट कान या परीक्षक बाईंनीही आपले गुण परत मागितले होते. त्यांना मिळाले नव्हते. डॉक्टरांनाही दिले नाहीत.

१७ फेब्रुवारी

ऑफिसातून आल्यावर आकडे मांडले. दोन्ही बाटल्यांचा लॉट नंबर तोच, तपासला.

नुसती: दोन नंबर सरासरी १२.६, चार नंबर १३.१. पदार्थाबरोबर: दोन नंबर ११.३, चार नंबर १५.

कारखान्यात मापक तपासताना आम्ही तोच पार्ट न सांगता दोनदा मोजायला देतो. माणूस स्वतःशी किती जुळतो ते त्यात कळतं. इथे ते करायचं मला सुचलं नव्हतं, आईच्या चष्म्याला सुचलं. आठही जण नुसत्या वाइनला स्वतःशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे जिभा तशा वाईट नाहीत. साडेतीन-चार गुणांचा फरक अळूवडी आणि सुरमईतला आहे, वाइनमधला नाही.

हरकती लिहून ठेवतो. दोन नंबर ९ अंशांवर गेली होती, चार नंबर ११ वर, बर्फ वितळला होता. थोडी कोमट झाली की वास जास्त येतो. चौथ्या ग्लासापर्यंत माणसं उदारही होतात. पण यांनी नुसतीचे गुणही वाढायला हवे होते, ते अर्ध्या गुणाने वाढलेत.

मास्तर आणि वहिनींनी सुरमईच्या जागी सुरण खाल्लं, त्यांचा चार नंबरही वर गेला आहे. म्हणजे मासा नव्हे, तिखट आणि आगळ.

माझ्या कागदावरच्या गवताचं काय करायचं? बाकीच्या सातांना यादी माहीत नव्हती, त्यांतल्या एकालाही गवत आलं नाही. डॉक्टरांनी सोव्हिन्यॉन लिहिलं ते आंबटपणावरून. गवत फक्त मला आलं, ज्याला ते यायलाच हवं हे ठाऊक होतं. पुढच्या खेपेला खरेदी दुसऱ्याने करायची.

वर्गणीतून २१० रुपये उरले. मामांना सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "वाइन राहू दे, त्या शेनिनच्या पाल्याला डावणी आली होती का विचार कोणाला तरी." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा बुरशीचा रोग.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सोव्हिन्यॉन उघडली. आम्ही दोघंच, सोबत काकडीची कोशिंबीर. ढोबळी मिरची इतकी स्पष्ट की मला माझीच लाज वाटली.

आई शेजारी भाजी निवडत बसली होती. म्हटलं, पिऊ नकोस, नुसता वास घेऊन सांग. तिने ग्लास नाकाशी नेला, जरा लांब धरला, परत नेला.

"गवार मोडताना येतो ना, तसा."

हातात तिच्या गवारच होती. मी एक शेंग उचलून मोडली आणि हुंगली. वहीत आधी लिहिलेलं "ढोबळी मिरची" खोडून तिचा शब्द घातला.

पिशव्या तिने उसवून पुन्हा अभ्रे केलेत. माझ्या उशीवर चार नंबर आला आहे, मार्करची शाई धुऊन गेली नाही.